न मोडलेला चेहरा

तिसऱ्यांदा ब्रश टेबलावरून घरंगळत खाली पडला आणि तिचं डोकं सटकलं. नव्या खोलीतला तिचा पहिलाच दिवस. खालच्या मजल्यावर कुणीतरी सकाळपासून ठाक-ठाक लावली होती आणि दर ठोक्याला तिचं टेबल थरथरत होतं. रंगाने माखलेल्या ॲप्रनमध्येच ती तरातरा जिना उतरली.

खालचं दार उघडं होतं. आत एक अगडबंब दगड, आणि त्याच्यासमोर हातोडी-छिन्नी घेतलेला, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झालेला एक माणूस. धुळीत फक्त डोळे तेवढे ओळखू येत होते.

"अहो, हे किती वेळ चालणार आहे?"

"ते दगडावर आहे," तो शांतपणे म्हणाला. "त्याने ऐकलं तर तीन महिने."

"माझे ब्रश खाली पडतायत!"

"मग जमिनीवरच ठेवा ना. तिथून पडायचे नाहीत."

भांडायला आलेल्या माणसाला हसू फुटलं की त्याची बाजू तिथेच लंगडी पडते. तिने ओठ आवळले, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. दुसऱ्या दिवशी आवाज निम्मा झाला. जाता-येता तिने डोकावून पाहिलं, तर दगडाखाली जुन्या पोत्यांची जाड घडी घातलेली.

"तुमच्यासाठी नाही," तो घाईघाईने म्हणाला. "दगडाची पाठ दुखत होती."

तिचं काम माणसं रंगवायचं, पण मोडून. गालाचा त्रिकोण, कपाळाचा चौकोन, नाक कुठे तर कान कुठे. "ओळखू येण्यासाठी फोटो असतो," असं ती ठणकावून सांगायची, आणि तिचं जे काही नाव झालं होतं ते याच हट्टापायी. घरी वहिनी मात्र सहा वर्षं तिच्या प्रत्येक चित्रासमोर उभी राहून एकच प्रश्न विचारत आली होती, "यात वरची बाजू कुठली गं?"

त्या इमारतीत अकरा कलावंत आपापल्या खोल्या थाटून बसले होते. त्यांच्यातल्या सर्वांत जुन्या मास्तरांनी फर्मान काढलं, की यंदाच्या प्रदर्शनात प्रत्येकाने आपल्यातल्याच एकाचं व्यक्तिचित्र करायचं. कुणी कुणाचं, ते चिठ्ठ्या ठरवतील. बिस्किटांच्या डब्यातून तिने चिठ्ठी उचलली. खालच्या मजल्यावरचा शिल्पकार!

तो समोर येऊन बसला तेव्हा अंघोळ करून, केस विंचरून आला होता. धुळीखाली एवढं काही असेल, याची तिला कल्पना नव्हती.

"हसू का?" त्याने विचारलं.

"कसेही बसा. तुमचं नाक शेवटी कुठे जाईल ते मलाही माहीत नाही."

"दोन्ही डोळे एकाच बाजूला नका देऊ हं. आई ओळखायची नाही."

"आईने ओळखलं तर माझं चित्र फसलं."

"अरेरे... म्हणजे देखणं दिसायची संधी गेलीच."

"ती तशीही..." ती बोलता बोलता थांबली.

"तशीही काय?"

"मान हलवू नका!"

बाहेर पावसाची भुरभुर चालू होती. पत्र्याच्या छपरावर थेंब टपटपत होते.

"बरं, त्रिकोणताई," तो म्हणाला आणि लगेच जीभ चावली. "छे. ताई नको."

"का? चांगलं आहे की."

तो खिडकीबाहेर बघू लागला. "नको म्हणजे... नकोच."

तिचा ब्रश कॅनव्हासवर टेकलेला तसाच राहिला होता. तिथे रंगाचा हा एवढा डाग पडला. तो डाग बघायला त्याने मान उंचावली, तशी ती ओरडली, "अरे, हलू नकोस ना!"

'अहो'चं 'अरे' कधी झालं, ते तिलाच कळलं नव्हतं.

"हलत नाही," तो हळूच म्हणाला. "पण तू पुन्हा एकदा अशीच ओरड."

पंचाईत तिथून सुरू झाली. त्याच्या जबड्याचा चौकोन करायला घेतला की ब्रश आपसूक वळायचा. गालाला कोपरा काढायला जावं, तर तो कोपरा पुसून गोलाई यायची. पहिला आठवडा संपेपर्यंत कॅनव्हासवर तो सबंध उतरला होता. भुवईतली न निघालेली धूळ, ओठाजवळचा लहानसा व्रण, हसू येण्याआधी डोळ्यांत होणारी ती गडबड... सगळं जागच्या जागी. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याच्याने एक माणूस मोडवला नाही.

पण चित्र झालं म्हटलं असतं, तर तो यायचा थांबला असता. म्हणून पुढचे पंधरा दिवस ती कोरडा ब्रश फिरवत बसली. "बघू की जरा," तो रोज म्हणायचा. "पुरं झाल्याशिवाय नाही," ती रोज दटावायची.

एके दिवशी वहिनी तिची घरी विसरलेली छत्री द्यायला आली आणि दारातच थबकली.

"अगं बाई! हा कोण गं? काय देखणा आहे!"

मग एकदम तिच्या ध्यानात आलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच वहिनीने वरची बाजू विचारली नव्हती.

"वहिनी, हे चित्र बिघडलंय," ती रडवेली होऊन म्हणाली.

"चित्राला काय धाड भरलीय?" वहिनीने तिची हनुवटी उचलली. "त्याला ठाऊक आहे का?"

"नाही."

"मग सांग."

सांगणं एवढं सोपं असतं, तर काय हवं होतं! त्याच संध्याकाळी मास्तर जिन्यात भेटले. खालच्या मजल्यावाल्याला पत्र आलंय म्हणाले. लांबच्या शहरात एका मोठ्या इमारतीची दर्शनी भिंत कोरायची आहे, दोन वर्षांचं काम, शनिवारपर्यंत उत्तर द्यायचंय. तो तिला यातलं अवाक्षर बोलला नव्हता. शनिवारीच तर प्रदर्शन! दहा कलावंत चित्रासमोर उभे राहतील आणि एका नजरेत आपल्या मनातलं ओळखतील. तो आपलं गाठोडं बांधून निघून जाईल, आणि आपण मात्र सगळ्यांसमोर भिंतीवर टांगलेल्या राहू.

शुक्रवारी सकाळी तिने दगडी करडा आणि पिवळा असे दोन रंग भरपूर कालवले आणि डोळे मिटून घेतल्यासारखं चित्र झाकलं. त्रिकोणावर त्रिकोण, चौकोनावर चौकोन. तासाभरात चेहरा नाहीसा झाला.

दुपारी तो आला. "आज तरी?"

तिने कॅनव्हास त्याच्याकडे वळवला. त्याने ते या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत निरखलं.

"चांगलं आहे," तो म्हणाला.

"पण?"

"पण मी कुठे आहे यात?"

"तू नसायलाच हवास. माझी चित्रं अशीच असतात."

"नसतात गं. तुझी चित्रं मी पाहिलीत. माणूस मोडलेला असतो, पण असतो. दगडात काय दडलंय ते बाहेरून ओळखण्यात माझा जन्म गेला. हे तू मोडलेलं नाहीस, झाकलंयस." त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि पुन्हा आत ठेवला. "मला उद्या एका पत्राचं उत्तर द्यायचंय. म्हटलं, तीन आठवडे ही माझ्याकडे बघतेय. हिला काय दिसलं ते बघावं आणि मग ठरवावं. असो. कळलं."

तो दाराकडे वळला. एक पाऊल, दोन पावलं... आता आपण गप्प राहिलो तर आयुष्यभर गप्पच राहू, हे तिला लख्ख कळलं.

"थांब!"

तिने फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवलं. वरचा रंग सकाळचा, ओला होता. खालचा वाळून घट्ट झालेला. ती पुसत गेली. एक भुवई आली. मग डोळा, गाल, ओठाजवळचा व्रण. तिचे हात कोपरापर्यंत करडे झाले. तो कधी परत येऊन शेजारी उभा राहिला, तिला कळलंच नाही.

"हे कधी केलंस?"

"पहिल्या आठवड्यात."

"मग पुढचे पंधरा दिवस मी कशासाठी बसलो होतो?"

"मला तुला बघायचं होतं म्हणून." तिने फडकं खाली टाकलं. "मला तू आवडतोस. इतका, की तुला मोडायला माझा हात धजला नाही. आता हस हवं तर."

तो हसला नाही. "मला तीन महिने तरी बसवायचं होतंस," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मी एकदाही हललो नसतो."

ती उरलेले त्रिकोण पुसायला वाकली, तसा त्याने तिचा करडा हात धरला. "ते राहू दे. तेही तूच आहेस." तिने मागे सरून पाहिलं. सगळीकडे तिचे कोपरे, आणि त्यांच्या मधोमध तो, सबंध. आजवरचं तिचं सर्वांत चांगलं चित्र समोर होतं. बघू देत उद्या दहाच्या दहा जणांना!

मग तो स्टुलावर बसला. गुडघ्यावर कागद ठेवून त्याने पेन्सिल मागितली.

"काय लिहितोयस?"

"'काम स्वीकारतो.'"

"हो, स्वीकारायलाच हवंस," ती कशीबशी म्हणाली.

"पुढचं ऐक. 'राहायला दोन खोल्या हव्यात. त्यांतल्या एका खोलीला उत्तरेकडे खिडकी असावी.'"

"उत्तरेकडे कशाला? तुझ्या दगडाला उजेड कुठूनही आला तरी काय फरक पडतो?"

"दगडाला नाही पडत. चित्रकारांना उत्तरेचाच उजेड लागतो म्हणे, दिवसभर एकसारखा राहतो." त्याने मान वर केली नाही, पण कान लालबुंद झाले होते. "म्हणजे, आधी तुझ्या दादा-वहिनींना येऊन विचारणार आहे. आणि त्याच्याही आधी तुला विचारायला हवं होतं, ते राहूनच गेलं..."

तिने त्याच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. कागदावर वाकून 'खिडकी' खोडलं, आणि वर नीट अक्षरात लिहिलं, 'दोन मोठ्या खिडक्या'.