मामाजींची खोली

मे महिन्यात लोकांना "घरात कसं वाटतं?" असं विचारत फिरणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं. पण माझं कामच ते होतं. ब्रह्मपुरीजवळच्या एका गावात वीस घरं निवडली होती, खोल्याखोल्यांत तापमापक टांगले होते आणि घरातल्या उकाड्याशी माणसं कशी जुळवून घेतात ते मी लिहून घेत होते.

मंजुषाच्या घरी तीन दिवस लाइन नव्हती, कूलर बंद. ओसरीत त्रेचाळीस अंश. तिचं बारा दिवसांचं बाळ तापलं होतं, दूध ओढत नव्हतं. दवाखान्यात न्या, असं मी म्हटलं, तर जीप दुसऱ्या दिवशीच मिळणार होती.

"तवरक आतच्या खोलीत ठेवतो त्याले," ती म्हणाली. "मामाजी तिथीच थंडे झाले."

मामाजी म्हणजे सासरे, एवढं मला ठाऊक होतं. मी लिहिलं: सासरे, आतली खोली, आराम.

दुसऱ्या दिवशी तिच्या सासूला, गुणाबाईंना, मी ते वाचून दाखवलं. त्या हसल्या नाहीत.

"थंडे झाले म्हंजे गेले, बाई. पाच दिवस झाले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विषय बदलायला मी आतला आकडा पाहिला. चौतीस. मातीच्या जाड भिंती, खिडकी नाही, असं कारण लिहून टाकलं. बाळाचा ताप उतरला होता, ते दूध पीत होतं. जीप परत पाठवली, तेव्हा मलाही हायसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी, भर दुपारी दोन वाजता, आत एकोणतीस. मी तापमापक बदलला. तरी एकोणतीस.

मी आत गेले. गुणाबाई शाल पांघरून बसल्या होत्या. सासऱ्यांच्या खाटेवर बाळ उघडंच होतं. त्याच्या काखेत तापमापक धरला. एकोणतीस.

माझ्या काखेत सदतीस.

पुन्हा बाळाच्या. एकोणतीस.

मी घाबरले. बाळ मात्र मजेत पाय झाडत होतं.

"छातीशी धर त्याला," मी मंजुषाला म्हटलं.

तिनं हात मागे घेतले. वाटीत काढून गार केलेलं दूध ती लांबूनच बोळ्यानं पाजत होती.

"नाई जमत आता. माह्या हातानं भाजते त्याले."

तिनं ओल्या फडक्यानं त्याला कुशीवर केलं. पाठीवर पाच बोटं उठली होती, लाल.

बाळानं माझं बोट मुठीत धरलं. रडलं नाही. मी बोट सोडवून घेतलं, तेव्हा त्याच्या तळहातावर फोड आला होता.