वाघ सापडला तर पेढे

राखी राठोडला सूड घ्यायचा होता, आणि त्यासाठी तिला एक रिकामं जंगल हवं होतं.

उमरखेडच्या पलीकडच्या डोंगरांतून नवा महामार्ग जाणार होता. नकाशावर त्याच्या दोन रेघा होत्या. एक सरळ खोऱ्यातल्या जंगलातून, दुसरी वळसा घालून वरच्या माळावरून. जंगलात वाघाचा वावर सापडला तर रस्ता माळावर, नाही तर खोऱ्यातून. हे तपासायचं काम प्राण्यांचा अभ्यास केलेल्या राखीकडे आलं होतं. आणि माळ होता रामधनचा!

रामधन तिच्याच तांड्याचा. माळावर राहायला गेला, तिथल्या नाल्यावर त्याने बांध घातला आणि सगळं पाणी आपल्या संत्र्यांना वळवलं. खाली तांड्याचा झिरा आटला. राखीची आई लालीबाई पाण्यासाठी जंगलातल्या घळीत उतरू लागली, आणि एका उन्हाळ्यात हंड्यासकट कड्यावरून गेली. रामधन मयतीला आला, धाय मोकलून रडला, आणि पुढच्याच महिन्यात त्याने बांध आणखी उंच केला. आता त्याला रस्ता हवा होता. तो येणारच, या भरवशावर त्याने पेट्रोल पंपाची पाटीसुद्धा रंगवून ठेवली होती. ती पाटी त्याच्या दारात गंजताना राखीला डोळे भरून पाहायची होती.

झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांत वाघ आला नव्हता. उरली होती शेवटची पायी फेरी. सोबत मामा शंकरसिंग आणि जीपवाला नौशाद. जंगलाच्या तोंडाशी रामधन हजर!

"पोरी, वाघ शोध बरं का! सापडला त साऱ्या तांड्याले पेढे वाटतो," तो हसत म्हणाला.

राखीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तरातरा पुढे निघाली.

सागाची पानं झडून गेली होती. खाली पाचोळा, वर मे महिन्याचं ऊन. ना ठसा, ना ओरखडा, ना विष्ठा. प्रत्येक रिकाम्या वळणाला राखीला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. जंगल रिकामं पाहून खूश होणारी ती बहुधा पहिलीच अभ्यासक असेल!

"मॅडम, पाणी संपत आलं," नौशादने कॅन हलवून दाखवला. "मी सकाळीच म्हटलं होतं, दुसरा कॅन घेऊ."

"कायले वझं वाह्यचं?" मामा म्हणाले. "पुढे दगडाची रास हाय. रास हाय तिथं पाणी हाय."

बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून तांडे फिरत, तेव्हाची ही त्यांची रीत. पाण्याच्या जागी प्रत्येकाने एक दगड रचायचा आणि मग पुढे जायचं. मागून येणाऱ्याला लांबूनच कळावं. मामांचा त्या राशीवर देवाइतका विश्वास होता. राखीनेही दुसरा कॅन जीपमध्येच ठेवला होता, तो त्याच विश्वासाने.

रास आली. पुरुषभर उंच! मामा लगबगीने पलीकडच्या नाल्याच्या पात्रात गेले, गुडघ्यांवर बसले आणि हातांनी वाळू उकरू लागले. कोपरापर्यंत हात गेला, तरी वाळू गरमच.

"मीठ लादून जाणाऱ्याईनं रचली ही," मामांचा आवाज फाटला. "रामधननं आपल्या बापजाद्याईले खोटं पाडलं, पोरी!"

मागे फिरावं तर उघडी चढण, आणि सूर्य डोक्यावर. जवळ होती ती घळच. लालीबाईची घळ. तिथे सावली होती, आणि तळाशी पाणी असण्याची आशा. तिघं कड्यावरून उतरू लागले. दगड तव्यासारखे तापले होते. जिभा टाळूला चिकटल्या होत्या.

आणि राखीच्या पायाखालचा दगड सुटला!

ती घसरली. नखं खडकावर खरवडली. एक मूळ हाताला लागलं. ते तुटायला लागलं!

"पकड!" मामांनी पागोटं सोडून खाली फेकलं. राखीने ते मनगटाला गुंडाळलं. वरून मामा आणि नौशाद ओढत होते. कापड टर्रकन फाटलं. पण तोवर तिचा पाय खाचेत रुतला होता! आई इथूनच गेली असेल, एवढंच तिच्या मनात आलं, आणि तिने दात आवळून रामधनला शिवी हासडली.

तळाशी कपारीखाली पाणी होतं. घमेलंभर डबकं, हिरवट, थंड. नौशाद धावणार, तेवढ्यात राखीने त्याची कॉलर धरली.

कपारीत वाघीण होती!

पोटाशी दोन पिल्लं. कान मागे पडलेले. क्षणभर काहीच हललं नाही. मग ती डरकाळी फोडून सुटली! पाचोळा उडाला. तिघं जागीच थिजले.

"पळू नका! पाठ दाखवू नका!" राखी दातांतून म्हणाली.

वाघीण डबक्याच्या अलीकडे येऊन थबकली, गुरगुरली. तिघं पावलापावलाने मागे सरले आणि मोठ्या खडकाआड गेले. बऱ्याच वेळाने ती वळली, आणि पिल्लांना पुढे घालून घळीच्या दुसऱ्या तोंडाने निघून गेली.

तिघं ढोरांसारखं तोंड लावून पाणी प्यायले. मग मामांनी पळसाची फांदी मोडली आणि ते चिखलातले ठसे पुसायला लागले.

"मामा! काय करून राह्यले?"

"काई दिसलं नाई आपल्याले," मामा म्हणाले. "नौशाद, तू बी काई पाह्यलं नाई. रस्ता इथूनच जाऊ दे. रामधन मरू दे कोरडा! लालीचा बदला घे, राखी. असा मोका फिरून येत नाई."

राखीला हेच तर हवं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. तिने मान फिरवली, आणि कपारीच्या कडेला दगडांत अडकलेला चेपका हंडा तिला दिसला. त्याच्या काठावर आईने ओळखीसाठी पाडलेली खूण होती. राखीला हुंदका आवरला नाही. या पाण्यासाठी आई गेली. रस्ता आला तर मुरूम टाकून हेच पाणी बुजवणार. मग रामधनमध्ये आणि आपल्यात फरक काय?

"फांदी टाका, मामा. नौशाद, फोटो घे. पिल्लांचे ठसे आधी."

"आन रामधन?" मामा ओरडले.

राखीने वर पाहिलं. नाल्याचा कोरडा पाट थेट माळाकडे गेला होता. तिचे डोळे बारीक झाले. आज दिवसभरात ती पहिल्यांदा हसली.

"त्याले रस्ता देऊ न, मामा. पुलासकट देऊ."

वर रामधन वाटच पाहत होता. वाघीण आहे हे ऐकताच त्याने नाचायचंच काय ते बाकी ठेवलं. अहवालात राखीने रस्ता माळावरूनच सुचवला. खाली एकच अट घातली: वाघिणीचं पाणी या नाल्यावर अवलंबून आहे, म्हणून नाल्यावर पूल बांधावा आणि पुलाच्या वरच्या अंगाला असलेला बांध काढून पाणी वाहतं करावं.

कागद हलायला वेळ लागला, पण हलले. रामधनने हातापाया पडून पाहिलं, वशिले लावून पाहिले, आणि एका सकाळी यंत्राचा लोखंडी दात बांधात घुसला. पाणी खदखदत खाली सुटलं. सारा तांडा काठावर उभा होता. मामांच्या हातात राशीवर ठेवायचा नवा दगड होता.

रामधन आपल्या पाटीखाली बसून होता. संत्र्यांकडे पाहवत नव्हतं त्याला. राखी त्याच्यासमोर गेली आणि तिने खोकं उघडलं.

"घ्या, काका. तुमीच म्हटलं होतं न? वाघ सापडला त पेढे."