सारख्या दोघांतला एक

तिचं काम वंशावळी लावण्याचं, पण प्रथिनांच्या. पेशीच्या पडद्यात प्रथिनांची बारीक दारं असतात. शास्त्रात त्यांना आयन चॅनेल म्हणतात. त्यांतून क्षार आतबाहेर करतात, त्यावरच हृदय चालतं. कोणतं दार कोणाचं चुलत भावंड, हे ती संगणकावर जुळवून काढी. जिवाणू, मासे, उंदीर, माणसं, सगळी एकाच झाडावर.

धाकट्या भावाचं असंच एक दार बिघडलेलं होतं. गेल्या वर्षी तो झोपेतच गेला. "जगभरच्या माशांची दारं तपासतेस, घरातलं एक दिसलं नाही तुला?" आई म्हणाली, आणि तिनं अबोला धरला तो धरलाच.

तोच दोष तिच्यातही होता. आईला तिनं ते सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आईचा जीव टांगणीला लागला असता, असं थोडंच होतं? पण त्या झाडावर, भावाच्या शेजारी, आपलंही नाव असावं एवढं तिला मनापासून वाटत होतं.

तिनं दोघांच्या त्या प्रथिनाचे क्रम, म्हणजे त्यातल्या घटकांच्या ओळी, फाइलमध्ये घातले. झाड काढण्याआधी चाळणी लावतात. दोन क्रम तंतोतंत सारखे असले की पहिला राहतो, दुसरा गळतो. भाऊ राहिला, ती गळली. तिनं स्वतःला यादीत वर घेतलं. तरीही भाऊच राहिला.

"त्याला काढूनच टाक ना," शेजारच्या टेबलावरचा प्रोग्रॅमर म्हणाला.

तिनं भावाचा क्रम पुसला. आता फाइलमध्ये ती एकटीच होती; तिला गाळणार कोण?

झाड आलं. माणसांच्या फांदीवर भावाचं नाव होतं. तिचं नव्हतं.

"हे कसं झालं?"

"त्यालाच विचार की. सकाळी जिन्यात भेटला मला," प्रोग्रॅमर स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला.

ती तशीच उठली. किल्ल्यांची पर्स टेबलावरच राहिली.

घरी बेल वाजवावी लागली. आईनं दार उघडलं. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. आत न्हाणीघरात कोणीतरी शीळ घालत बादली भरत होतं.

"त्याच्या ऑफिसातल्या का तुम्ही? या ना, बसा. अंघोळीला गेलाय तो."

"आई, मी आहे."

"म्हणा हो आई, काही हरकत नाही."

ती खुर्चीच्या कडेवर बसली. आईनं पाणी दिलं, उन्हातून आलात, पंखा लावू का, विचारलं. इतक्या मायेनं आईनं तिची चौकशी कधीच केली नव्हती.