पक्ष सोडल्याचं पत्र

"उद्या आमच्या कॉलेजच्या शिपायाचा, रहिमतुल्लाचाचांचा व्हिसा कॅन्सल होईल, ताई. चोरीच्या आळापायी."

इरावती बहरीनमधल्या गुदैबियातल्या फ्लॅटच्या दारातच बोलायला लागली. उल्का रणदिवे तिला आत घेऊन आल्या. विमा कंपनीत तीस वर्षं खोटे दावे पकडून झाल्यावर त्या आता खासगी तपास घेत. यजमान मयुरेशराव सोबत असत. काहीही लक्षात न येणं, हे त्यांचं मुख्य योगदान.

इरावती सखीरच्या एका कॉलेजात जुनी कागदपत्रं सांभाळायची. एका अमेरिकन तेल-इंजिनिअरने आपल्या आजोबांचा पत्रव्यवहार कॉलेजला दिला होता. आजोबा अमेरिकेतले, १९१२ सालचे सुधारणावादी पुढारी. जुना पक्ष आत राहून सुधारायचा की नवा काढायचा, यावर त्यांचा सहकाऱ्यांशी वाद. आजोबांनी पक्ष सोडला ते आठ जुलैचं पत्र जुलैच्या फोल्डरमधून गायब झालं होतं.

"पक्ष सोडताना कारण लिहून द्यायचे?" मयुरेशरावांनी विचारलं.

"मागासलेला काळ होता हो," उल्काताई म्हणाल्या.

इरावतीने मोबाइलवर पत्राचा फोटो दाखवला. वर तारीख, ७/८/१९१२. "हे एकच घाईत लिहिलंय. बाकी सगळ्यांत महिना अक्षरांत आहे."

"चाचांवरच संशय का?"

"गुरुवारी कॅमेऱ्यात ते पाकीट घेऊन जाताना दिसतात. ते मीच दिलं होतं. कॉलेजची कमिटी म्हणते, चोरलेलं पत्र खिशात असेल." तिने मोबाइल पर्समध्ये टाकला. "मी इथे नवी होते तेव्हा दोन महिने त्यांच्या हातचं जेवलेय मी."

कॉलेजात पहिला भेटला अझहर, इतिहासाचा संशोधक. "त्या पत्रावर माझा अख्खा प्रबंध उभा आहे. मीच चोरलं तर पुरावा म्हणून दाखवू काय? खलास."

मग सबा, विद्यार्थिनी. "बुधवारी मी सगळी लेटर्स डेटप्रमाणे लावली, आंटी. मन्थवाइज फोल्डर. मॅमनी मला इंटर्नशिप दिली ना, म्हणून सरप्राइज."

शेवटी रहिमतुल्ला. "बाय, मॅडमनी ऑगस्टचा फोल्डर पाकिटात सील करून दिला, फ्रेमा करायला. मी बाब अल बहरीनला दुकानात पोचवला. ही पावती."

पावतीवर लिहिलं होतं : पत्रे पाच.

"इरावती, ऑगस्टची पत्रं किती?"

"चार."

"दुकानदार चुकला," मयुरेशरावांनी निकाल दिला.

"तोच एक चुकला नाही," उल्काताई म्हणाल्या आणि सगळ्यांना बसायला सांगितलं. "आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. अमेरिकन माणूस आधी महिना लिहितो. त्याची आठ जुलै सबाने आपल्या शाळेतल्यासारखी वाचली, सात ऑगस्ट. पत्र गेलं ऑगस्टच्या फोल्डरमध्ये. बाकी पत्रांत महिना अक्षरांत, म्हणून ती बरोबर लागली. चाराची झाली पाच. ती सील कुणी केली?"

"मी," इरावती पुटपुटली. "न उघडता. म्हणजे पत्र मीच बाहेर पाठवलं."

"सहीशिक्क्यानिशी."

अझहरने दुकानाला फोन लावला. पाचवं पत्र तिथेच होतं. इरावतीने लगेच कमिटीला कळवलं. तक्रार मागे.

"माफ करा, चाचा," ती म्हणाली. सबाने कान पकडले.

"माफी कसली? माझ्यासाठी तू ताईंच्या दारात गेलीस. अल्ला तुला सुखी ठेवो." रहिमतुल्लाने उल्काताईंकडे वळून छातीवर हात ठेवला. मग खिडकीशी जाऊन त्याने रत्नागिरीला बायकोला फोन लावला. तिला त्याने यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

कामाच्या वेळी फोन? झालंय तरी काय? झोहराचा आवाज खोलीभर ऐकू आला.

"काय नाय झाला," डोळे पुसत तो म्हणाला. "तेच सांगायला केला."