तांब्याच्या तारेचे तीन वेढे

फोन तीनदा वाजला तेव्हा राधाकिशनचे दोन्ही हात पाण्याच्या मोटारीत होते. पेडगावच्या शिवारात गव्हाचं पाणी चालू होतं. या दिवसांत मोटारी जळतात, आणि मोटारीत नवी तार भरणाऱ्या मिस्त्रीला जेवायलाही फुरसत नसते. चौथ्यांदा वाजला तेव्हा त्याने हात पुसले. अंगणवाडीतली मदतनीस बबिता होती.

"मिस्त्रीदादा, बाई उठनात," ती म्हणाली. "पोरं खिचडी खायलेत आन् बाई भिताडाला टेकून बसल्यात. उठनातच."

त्याने विचारलं, तोंडावर पाणी मारलं का. "तुमी या," एवढंच ती म्हणाली. मागून पोरांच्या ताटल्यांचा आवाज येत होता. त्यावरून त्याला कळलं.

शिवकन्या, त्याची बायको, एकवीस वर्षं ताडकळसच्या अंगणवाडीत शिकवत होती. भिंतीवरच्या तक्त्यातला लांडगा दाखवून ती गोष्ट सांगायची, आणि दरवर्षी एखादं पोर विचारायचंच, "बाई, तुमी बघितलाव का?" तिला नाही म्हणावं लागायचं. जिंतूरच्या डोंगरपायथ्याला वनखात्याचं उद्यान आहे, तिथं राहायला तंबू मिळतो आणि वरच्या पाणवठ्यावर लांडगा येतो, हे तिला कळून सहा वर्षं झाली होती. "औंदा तरी चला," ती म्हणायची. तो म्हणायचा, "हंगाम सरू दे." हंगाम सरला की ऊन लागायचं. यंदा तिने त्याला न विचारताच मोबाईलवरून तंबू ठरवला होता. माणसं दोन. ती तारीख तिच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आली.

सरणाभोवती फिरताना खांद्यावरच्या मडक्याला ज्या दगडाने भोक पाडतात, तो जीवखडा. दहा दिवस त्यालाच गेलेलं माणूस समजायचं, त्यावर पाणी घालायचं आणि दहाव्याला नदीत सोडायचं. त्यापुढं घरात ठेवायचा नाही. राधाकिशनने आत्मा वगैरे कधी मानलं नव्हतं. मीटरचा काटा हलला तर करंट आहे, नाही हलला तर नाही, एवढंच त्याला ठाऊक. तरी दहा दिवस तो त्या काळ्या दगडावर रोज कोमट पाणी घालत होता, कारण थंडीत शिवकन्येला गार पाणी सोसायचं नाही.

दहाव्याला गोदावरीच्या काठी तिचा भाऊ भागवत म्हणाला, "दाजी, सोडा आता."

राधाकिशनच्या डाव्या खिशात जीवखडा होता. उजव्या खिशात पुलाजवळच्या खडीतून उचललेला दुसरा दगड होता, तसाच काळा, पण कडेला पांढरी रेघ असलेला. त्याने उजव्या खिशातला सोडला. बायकोला डोंगर दाखवायचा, लांडगा दाखवायचा आणि मग तिथल्याच पाण्यात सोडायचं, असं त्याने ठरवलं होतं. भागवतने नदीला हात जोडले.

घरी आल्यावर त्याने जीवखडा हत्यारांच्या पेटीत ठेवला. कशात मिसळू नये म्हणून त्याला तांब्याच्या तारेचे तीन वेढे दिले आणि टोकाचा पीळ डावीकडं मोडला. तो डावखुरा. हंगामात शिवकन्या मदतीला बसायची तेव्हा तिचा पीळ उजवीकडं मोडायचा, आणि "एका मोटारीत दोन मिस्त्री दिसायलेत," म्हणून तो तिला बोलायचा.

उद्यानाच्या फाटकावर महारुद्र नावाचा वनरक्षक होता. त्याने मोबाईलमध्ये बघितलं.

"तंबू दोघांचा हाय."

"जमलं न्हाई तिला."

"बायकोला घरी ठिवून एकटंच रान बघायलाव? नशीबवान हाव, मिस्त्री." महारुद्र हसला. मग पाहुण्याचा चेहरा बघून थांबला आणि कंदिलाऐवजी आपली बॅटरी दिली. "दिवस बुडायच्या आत खाली या."

पायवाट सागातून चढत होती. पानं वाळलेली, पाय पडला की पापडासारखी मोडायची. एका वळणावर रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप उभा होता. मोर ओरडत होते. राधाकिशन दर थोड्या वेळाने खिशावर हात ठेवत होता. पाणवठ्याजवळ दगड रचून कमरेएवढी भिंत केलेली, तिच्याआड बसायचं. त्याने जीवखडा भिंतीवर ठेवला, पाण्याकडं तोंड येईल असा. दगडाला तोंड नसतं हे त्याला कळत होतं.

ऊन पिवळं झालं आणि लांडगा आला. तक्त्यातल्यापेक्षा बारीक, मातीच्या रंगाचा. तो वाकून पाणी प्यायला लागला.

"बघ," राधाकिशन हळूच म्हणाला.

लांडग्याने मान वर केली. त्याने राधाकिशनकडं बघितलं नाही. भिंतीवर, दगड होता तिथं बघितलं. नंतर दगडाच्या वर, बसलेल्या बाईचं डोकं येईल तेवढ्या उंचीवर. कान मागं पाडून तो उलट्या पावलांनी गेला. मोर गप्प झाले ते पुन्हा ओरडले नाहीत.

राधाकिशनने दगड पाण्यात सोडला. पाणी गुडघाभर आणि नितळ होतं. तळाला शेकडो काळे दगड होते, त्यांत तांब्याचे तीन वेढे चमकत होते. दिसेनासे होईपर्यंत तो बघत राहिला. मग खाली आला आणि चौदा दिवसांत पहिल्यांदा झोपला.

उजाडताना त्याने तंबूची चेन उघडली. दारात दगड होता.

ओला. कडेला पांढरी रेघ. गोदावरीत सोडलेला.

त्याच्यावर तांब्याच्या तारेचे तीन वेढे होते.

"पहाटं इकडं कुणी आलतं का?" त्याने महारुद्रला विचारलं.

"कोण येतंय? दव बघा की, पाऊल न्हाई." महारुद्रने नाक आक्रसलं. "पर गाळाचा वास कुठून यायलाय? नदी तर न्हाई इथं."

गोदावरी ऐंशी किलोमीटर तरी लांब होती. राधाकिशन पळत पाणवठ्यावर गेला. पाणी तसंच नितळ होतं. तळाला शेकडो काळे दगड होते. एकावरही तार नव्हती. त्याने बाह्या वर केल्या आणि एकेक दगड काढून बघितला. मडक्याला लागलेला कोणता, हे दुपारपर्यंत कळलं नाही.

घरी न जाता तो एसटीने थेट गोदावरीवर गेला. हातातला रेघेचा दगड त्याने पुलाच्या मधोमध जाऊन टाकला. बुडाल्याचा आवाज ऐकला.

सकाळी तो दगड घराच्या उंबऱ्यात होता. ओला.

राधाकिशनने तो उजेडात नेला. चष्मा लावून, मोटार तपासतो तसा तपासला. तार त्याच्याच बंडलातली. वेढे तीन, एकाला एक लागून, नीट बसवलेले.

पीळ उजवीकडं मोडलेला होता.

आता तो दगड हत्यारांच्या पेटीत आहे. सकाळी पेटी उघडली की तळाला थोडं पाणी असतं. रोज कोमट पाणी घालायचं त्याने परत सुरू केलं आहे. भागवत विचारतो, दाजी, विधी सगळा नीट झाला ना. तो हो म्हणतो.

त्याच्या लेखी आता हाच जीवखडा, आणि तो अजून सोडायचा राहिला आहे.