सोमवारची अळंबी

तो पहिल्यांदा आला तेव्हा माझ्या तोंडात रंगाचा ब्रश होता, त्यामुळे "आत या" म्हणता आलं नाही. तो तसाच आत आला आणि एक ओला कागदी पुडा त्याने ऑफिसातल्या माझ्या टेबलावर ठेवला.

"अळंबी आहे. चित्र लवकर काढा. दुपारपर्यंत वितळून शाई होईल."

"मी फुलं काढते," मी म्हटलं. "फुलं बिचारी थांबतात."

"ही नाही थांबणार... म्हणून तर धावत आलो. डोंगरापलीकडून."

वनस्पतींच्या पुस्तकातलं हे माझं शेवटचं चित्र, आणि तो नमुने गोळा करणारा नवा संशोधक. घामाघूम, कान लाल झालेले. मला आवडला. उगाच आढेवेढे कशाला घेऊ?

जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत. कागद कोरा ठेवून सावली तेवढी भरायची. दिसलं ते सगळं काढलं, कुरतडलेल्या कडेसकट. दोन तासांत चित्र झालं. मी ते ड्रॉवरमध्ये सरकवलं आणि संध्याकाळी त्याला सांगितलं, "अर्धंच झालं हो. उद्या दुसरी आणाल?"

मंगळवारी आणली. बुधवारीही. गुरुवारी तर दोन, आणि रोज तितकाच घामाघूम. मी रंग कालवायचे, तो खुर्ची ओढून गप्पा मारायचा. घरी ताई म्हणाली, "एवढीशी अळंबी आणि चार दिवस? काढतेयस की पिकवतेयस?"

शुक्रवारी चित्र द्यायचंच होतं. मग त्याला इकडे फिरकायला कारणच उरणार नव्हतं. मन होत नव्हतं, तरी ड्रॉवर उघडला.

तो चित्र बघत राहिला... आणि हसला.

"ही सोमवारची आहे."

"कशावरून?"

"हिचीच कड गोगलगायीनं खाल्ली होती. बाकीच्या सगळ्या धड होत्या."

चोरी पकडली गेली होती, आणि पुरावा मीच रंगवला होता.

"रागवा मग," मी म्हटलं. "रोज डोंगर चढायला लावला तुम्हाला."

"एकदाच चढलो," तो कान खाजवत म्हणाला. "मंगळवारपासूनच्या... तुमच्याच जिन्यामागे उगवल्यात, टाकीपाशी. पायऱ्या मात्र धावत चढायचो. घाम दिसायला हवा ना!"

मी हसत सुटले.

"पुस्तक तर संपलं," तो म्हणाला. "आता काय घेऊन येऊ?"

"काही नको. मला तू आवडतोस. उद्या हात हलवत ये."

"उद्या... ऑफिसला सुट्टी आहे."

"म्हणून तर घरी ये. चार दिवस मी काय पिकवत होते, ते ताईला बघायचंय."