हाय का न्हाय

मोबाइल पालथे घाला आधी. कुणी फिदीफिदी हसलं तर मी उठून जाईन, सांगून ठेवतो. ही आमच्या टेमघरच्या सुगतची गोष्ट. त्यानं माझ्यासमोर बसून सांगितली.

गेल्या डिसेंबरची नऊ तारीख, मंगळवार. सुगत मानकोलीच्या एका शीतगोदामात कॉम्प्युटरचं काम बघतो. तिथली दारं एका गुप्त किल्लीवर उघडतात. किल्ली म्हणजे आकड्या-अक्षरांची ओळ, तिथल्याच कॉम्प्युटरवर कुलूपबंद फाइलीत ठेवलेली. जुनीची मुदत रात्री बाराला संपणार, म्हणून नवी टाकायला तो साडेअकराला गेला. काळ्या स्क्रीनवर हुकूम टाइप करायचा, दोन मिनिटांचं काम. पण आधी चहा, मग गप्पा.

प्रोग्राम प्रितेशनं लिहिलेला. आगऱ्यांचा पोरगा, सुगतचा जिवाभावाचा दोस्त. सेव्ह करण्याआधी त्याचा प्रोग्राम विचारायचा, "हाय का न्हाय?" दिवाळीत प्रितेश अपघातात गेला. पुढे साहेब हसतात म्हणून सुगतनं ती ओळ पुसून ‘येस की नो’ घातलं. प्रोग्रामच्या पोटात मात्र उत्तर प्रितेशचंच राहिलं, ‘हाय’ टाइप केलं तरच सेव्ह, हे ह्या शहाण्याच्या ध्यानातच नाही!

बारा वाजले. किल्ली मेली. आणि हमाल लडकू आत, उणे वीस अंशांत. आतून दार उघडायचा खटका गोठलेला. दार तोडणारे यायला तास लागणार.

सुगतनं नवी किल्ली टाकली. येस. सेव्ह होईना. पुन्हा येस. नाही...

दारावर थापा. "सुगतभाऊ... कोन हाय का?"

"आहे रे! झोपू नको, लडकू!" सुगतला रडू फुटलं. "देवा, माझ्या आळसापायी मरतोय हा!"

बारा चाळीस. थापा थांबल्या.

"लडकू?"

...

स्क्रीनवर अक्षरं उमटली. सुगतनंच पुसलेली.

"आरं सुगत, हाय का न्हाय?"

त्यानं टाइप केलं. हाय.

सेव्ह झालं. दार उघडलं.

लडकू दाराशीच पडलेला, ओठ निळे. पण वाचला. दवाखान्यात म्हणाला, "मी इचारलं, कोन हाय का... तर पाठीमागून जवाब आला."

पहाटे सुगतनं प्रोग्राम तपासला. ‘येस की नो’ तसंच होतं. मग तो दाराची आतली बाजू बघायला गेला. आत लडकू एकटाच होता, आणि लडकूला लिहिता येत नाही.

दारावरच्या बर्फात, माणसाच्या उंचीवर, बोटानं लिहिलेलं होतं... हाय.